लहान मुलाकडून 'जाण' कशी शिकायची

'त्याला जाण आहे' असं ज्याच्याबद्दल आपण म्हणतो, तो माणूस दिवसातून किती वेळा थँक्यू म्हणतो हे कुणी मोजायला जात नाही. केलेलं त्याच्या लक्षात आहे, एवढंच सांगायचं असतं. कृतज्ञ या शब्दाची फोडही तीच: कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आता केलेलं जाणायचं, तर ते होत असताना आधी बघायला लागतं, आणि मोठ्यांचं गाडं नेमकं इथंच अडतं. कोल्हापुरात रंकाळा तलावावर कणीस भाजणाऱ्या मामांसमोर तीन वर्षांचं पोर सात-आठ मिनिटं हलत नाही. आपण एका हातानं त्याला ओढत असतो आणि दुसऱ्या हातानं पैसे पाठवत असतो.

इथं दिलेली पद्धत उलटी आहे. पोर थांबेल तिथं आपण थांबायचं, ते काय करतं ते टिपायचं, आणि मग तेच मोठ्या माणसाला शोभेल अशा रीतीनं करून बघायचं. बघायला एक आठवडा, करायला तीन-चार आठवडे.

काय लागतं

मूल स्वतःचंच हवं असं नाही. नातू, भाची, शेजारचं बारकं, कुणीही चालेल. फक्त ते तुमच्यापाशी बुजणारं नसावं. वय अडीच ते पाच. त्याहून लहान पोराकडूनही शिकता येतं, पण ते शब्दांत सापडत नाही, नजरेत शोधावं लागतं. पाच-सहानंतर काय बोललं की मोठी माणसं खूश होतात हे पोरांना चांगलं कळायला लागतं, आणि मग दुधात पाणी पडतं.

चाळीस पानी वही, पेन्सिल, रोजची वीस मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत, बाहेर असाल तर पिशवीच्या तळाशी. हे सोवळं नव्हे. फोन हाताशी असला की व्हिडिओ काढायचा मोह होतो, आणि कॅमेरा समोर आला की पोर बघायचं सोडून दाखवायला लागतं.

वेळ दुपारची झोप झाल्यावरची, पोटात काहीतरी गेल्यावरची. साडेचार ते सहा उत्तम. संध्याकाळी साडेसातनंतरचं भुकेलं, पेंगुळलेलं पोर कुणाचीच जाण ठेवत नाही. त्या वेळी मोठेही ठेवत नाहीत, ते फक्त झाकतात.

पहिला आठवडा: नुसतं बघा

या आठवड्यात शिकवायचं नाही, विचारायचं नाही, 'बघ मामांनी किती छान भाजलं' असं सुचवायचंही नाही. पोर ज्याच्यासमोर आपणहून थांबेल त्याची नोंद करायची. दिवसाला एक नोंद पुरे. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी: कशाला थांबलं, डोळे कुठून कुठं गेले, काय बोललं, आणि नंतर त्याचं काय केलं. चौथी गोष्ट बहुतेकांची राहून जाते, कारण ती तासाभरानं किंवा दुसऱ्या दिवशी घडते.

कणसाचीच नोंद घ्या. मामा पुठ्ठ्यानं वारा घालतात, कोळशावर ठिणग्या उडतात, दाणे तडतडतात, मग अर्धं लिंबू मीठ-तिखटात बुडवून कणसावर वरून खाली घासतात. वहीत हे साधारण असं उतरेल:

थांबला – ठिणग्या उडाल्या तेव्हा. डोळे – कणीस, मामांचा हात, माझ्याकडं, परत मामांचा हात. बोलला – 'मामांना चटका बसत न्हाई?' नंतर – दोन घास खाऊन कणीस माझ्या तोंडासमोर धरलं. घरी आल्यावर आज्जीला: 'मामांनी लिंबू घासलं. असं. असं.' (हातानं करून दाखवलं.)

यात थँक्यू कुठंच नाही, आणि तरी यापेक्षा पुरे आभार त्या मामांना दिवसभरात कुणी मानले असतील असं वाटत नाही.

सात नोंदी झाल्या की वही एकदा सलग वाचा. चार गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसतील.

पहिली, नजरेची फेरी. पोर वस्तूकडं बघतं, मग माणसाकडं, मग परत वस्तूकडं. ही सवय वर्षाच्या आसपासच लागते. पोर चिमणीकडं बोट करतं आणि लगेच मागं वळून तुम्ही बघताय का हे बघतं. काही मागायला केलेलं बोट आणि 'तूही बघ' म्हणून केलेलं बोट, ही दोन्ही वेगळी असतात. जाण या दुसऱ्या बोटातून सुरू होते. मिळालेली वस्तू आणि ती देणारा माणूस, दोघं एकाच नजरेत यावे लागतात. मोठे बहुधा एकावरच थांबतात. दुकानात पैसे भरले की काउंटरवरची डबी 'रुपये प्राप्त झाले' असं ओरडते, आणि घेणारा-देणारा दोघंही डबीकडं बघत मोकळे होतात.

दुसरी, बारकावा. पोर 'कणीस छान' असं म्हणत नाही, 'लिंबू घासलं' म्हणतं. त्याला क्रिया दिसते.

तिसरी, सांगत सुटणं. जे काही मिळालं ते देणाऱ्याला नाही, तर तिसऱ्यालाच सांगितलं जातं: आज्जीला, शेजारच्या ताईला, कधी मांजराला.

चौथी, आपल्यातलं देणं. अर्धवट चोखलेलं कणीस तुमच्या तोंडाशी येतं. स्वित्झर्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञ फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-ट्रामर यांनी १९३८ साली यावर लिहिलं होतं. त्यांनी ७ ते १५ वर्षांच्या मुलांना विचारलं की तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती, आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील. त्यातल्या लहान मुलांमध्ये एक उत्तर ठळक होतं: मी त्याला माझी आवडती वस्तू देईन. समोरच्याला ती हवी आहे का, हा विचार पुढच्या वयात येतो. म्हणून चोखलेलं कणीस पुढं आलं तर 'शी' करू नका. एक दाणा घ्या.

दुसरा आठवडा: एक माणूस, एक क्रिया

आता तुमची पाळी. दिवसाला एकच माणूस निवडा, आणि तोही घराबाहेरचा, कारण घरच्यांचं काम अवघड आहे; ते पुढं येतं.

सुरुवातीला गंगावेशीतला दूध कट्टा ही चांगली जागा. सकाळ-संध्याकाळ म्हशी बांधलेल्या असतात, दूध तुमच्या डोळ्यांदेखत काढतात. म्हणजे 'केलेलं होताना बघणं' इथं आयतंच मिळतं. पोराला बरोबर न्या आणि त्याच्या उंचीला बसा. उकिडवं बसलात की त्याला जे दिसतं ते तुम्हालाही दिसतं. आधी आचळं धुतलेली, धारेचा रिकाम्या भांड्यातला कडक आवाज, भांडं भरत जाईल तसा मऊ होत गेलेला तोच आवाज, वर आलेला फेस. पोर बहुतेक म्हशीचं नाव विचारेल. विचारू दे, उत्तरही ऐका. (मोठ्यांनी पेला तोंडाला लावणं ही त्यांची मर्जी, लहान पोराला मात्र धारोष्ण दूध पाजू नका. घरी आणा, उकळा, मग द्या. दुधाची मिशी तेव्हाही उमटते.)

मग वाक्य. त्याचे दोन तुकडे: तुम्ही काय केलंत, आणि त्यानं माझं काय झालं. 'दादा, गर्दी होती तरी पोरासाठी थांबून धार दाखवलीत. घरी गेल्यावर आज दुसरं काय बोलायचं नाही ते.' बस. विशेषणं गाळा. 'खूप', 'मनापासून', 'शब्दच नाहीत' हे आभारप्रदर्शनाच्या माइकवर ठीक. समोरच्या माणसाला त्यातून त्याचं काम दिसत नाही.

केएमटीत, म्हणजे शहर बसमध्ये, कंडक्टरला: 'मास्तर, आज्जी चढेपर्यंत बेल मारली नाहीत, बरं केलंत.' हॉटेलात, पांढरा रस्सा न मागता दुसऱ्यांदा वाढणाऱ्याला: 'वाटी रिकामी दिसली आणि लगेच आलात की!' बोलताना पोराची फेरी करा. आधी वस्तूकडं किंवा कामाकडं, मग माणसाकडं. थेट डोळ्यांत बघून सुरुवात केली तर समोरचा गोंधळतो, पैसे कमी पडले की काय असं त्याला वाटतं.

'धन्यवाद' हा शब्द टाळायची शपथ घ्यायला नको, पण भाजीवाल्या मावशींना तो म्हणून बघा आणि मग 'बरं झालं मावशी, मेथी निवडून दिलीत' म्हणून बघा. फरक त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल. कोल्हापुरात 'बरं झालं', 'बरं केलंस', 'लई भारी केलंस' यांतच आभार मानून होतात.

दिवसाला एकापेक्षा जास्त नको. पहिल्या दोन दिवसांच्या यशानं माणूस चेकाळतो आणि रिक्षावाल्यापासून लिफ्टपर्यंत सगळ्यांचे आभार मानत सुटतो. चौथ्या दिवशी वाक्यं पाठ झालेली असतात. वहीबाबतही तेच. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या गाजलेल्या अभ्यासातल्या एका गटानं आठवड्यातून एकदाच, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, आणि असं दहा आठवडे केलं. ती माणसं आयुष्याबद्दल जास्त समाधानी निघाली. रोज लिहिलंच पाहिजे असं नाही, रोज बघितलं पाहिजे.

घरातलं अवघड काम

रोजची गोष्ट दिसेनाशी होते. म्हशीची धार पोरासारखीच आपल्यालाही नवी असते, भाकरी नसते. त्यासाठी तिसऱ्या आठवड्यात भाकरी करा. ज्यांच्या हातची खाता त्यांना एक वेळ सुट्टी द्या, आणि पोराला शेगडीपासून लांब, हात पोचणार नाही अशा ठिकाणी पिठाचा गोळा देऊन बसवा.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून गरम पाणी घालून तळहाताच्या टाचेनं ते रगडावं लागतं. एका वेळी एका भाकरीचंच मळा. मळून ठेवलेलं पीठ कोरडं पडतं. मळणं कमी झालं की थापताना कडा चिरतात. पीठ कमी भुरभुरलं तर भाकरी परातीला धरते, जास्त झालं तर पांढरी, कोरडी होते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकायच्या आत उलटली तर चिकटते, पार सुकल्यावर उलटली तर तडकते. मग विस्तवावर फुगवायची. सरावलेल्या हाताला एकीला तीनेक मिनिटं लागतात. पाच माणसांच्या घरात दहा भाकऱ्या म्हणजे अर्धा तास, उभ्यानं, तव्याच्या झळीत. तुमच्या पहिल्या चार नकाशे निघतील. पोर ते आनंदानं खाईल आणि वर 'ही बैलासारखी झाली' असं सांगेल. नुसत्या 'छान' पेक्षा ही पावती बरी, कारण त्यानं भाकरी बघितलेली आहे.

त्यानंतर घरात जे बोलायचं ते आपोआप बारीक होतं. 'जेवण मस्त' च्या जागी 'आज कड एकदम गोल आणि पातळ आलीय, पीठ नवीन आहे का?' असं निघतं. आईला किंवा बायकोला हे पहिल्यांदा ऐकवाल तेव्हा 'काय पाहिजे?' असा प्रश्न येण्याची तयारी ठेवा. 'काही नाही' म्हणा आणि जेवत राहा. आठवडाभरानं तो प्रश्न थांबतो.

घेता येणं

हा भाग मोठ्यांना सगळ्यात जड जातो. पोर दिलेलं सरळ घेतं. त्याला लाज नसते, ओझं नसतं, परत काय द्यायचं याचा हिशेब नसतो. आपल्याकडं 'बसा की, चहा घ्या की' ला 'नको, आत्ताच झाला' हे तीनदा म्हणून चौथ्यांदा कप हातात घ्यायची रीत आहे. तीन नकारांत देणारा आग्रहानं दमतो, आणि शेवटी चहा त्यानं आपल्यावर लादल्यासारखा होतो. आठवडाभर पहिल्याच वेळी 'घेतो की' म्हणून बघा. नको असेल तर पहिल्याच वेळी खरं 'नको' म्हणा.

वाटीचंही तसंच. शेजारून आमटीची वाटी आली तर रिकामी परत द्यायची नाही, ही आपली सुंदर पद्धत. पण त्याच संध्याकाळी घाईनं काहीतरी घालून वाटी पोचवली की तो व्यवहार होतो, आणि उद्या त्यांची पाळी लागते. वाटी दोन दिवस राहू दे. घरात काही मनासारखं झालं की त्यात घाला आणि पोराच्या हातानं पाठवा. ते वाटेत सांडेल, म्हणून निम्मीच भरा. दारात पोचल्यावर काय बोलायचं ते पढवू नका. 'तुमची आमटी बाबानं सगळी संपवली' असं ते स्वतःच सांगतं.

कुठं बिघडतं

'थँक्यू म्हण काकांना' हा सगळ्यात जुना बिघाड. पोर त्या क्षणी चॉकलेटाच्या कागदाचा आवाज ऐकत असतं, ते काकांकडं वळणारच असतं, आणि आपण मध्येच त्याला परीक्षेला बसवतो. शब्द येतो, नजर जाते. त्याऐवजी पोरादेखत तुम्हीच काकांना सांगा: 'कागद चंदेरी आहे बघा, तेच आवडलंय त्याला.' काकांना आभार पोचतात आणि पोराला ते कसे मानतात ते दिसतं. थँक्यू हा शब्द पोराला शिकवूच नये असं नाही. नमस्कारासारखी ती चालरीत आहे, ती वेगळ्या वेळी शिकवा.

दुसरा बिघाड तुलनेचा. 'बाहेर पोरांना खायला मिळत नाही आणि तू ताटात टाकतोस!' यानं पोराला भाकरीची जाण येत नाही, अपराधी वाटतं, आणि ज्या पोरांची नावं आपण घेतो ती त्याच्यासाठी धाक दाखवायची बाहुली होतात. ताटात टाकतंय तर कमी वाढा.

तिसरा, पोराला गुरू करून टाकणं. त्याचं एखादं वाक्य आवडलं की पाहुण्यांसमोर 'परवा काय म्हणालास सांग' सुरू होतं. दुसऱ्यांदा सांगताना ते हशासाठी सांगतं. तिसऱ्यांदा त्याला स्वतःलाच त्या वाक्याचं काही उरलेलं नसतं. वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा.

चौथा, नावडत्या भेटीचा, आणि इथं मोठ्यांची खरी परीक्षा असते. आत्यानं वाढदिवसाला आणलेला शर्ट बघून पोर तोंडावर म्हणतं, 'हा नको. टोचतोय.' घरात शांतता. रागावलात तर ते खोटं बोलायला शिकतं, हसण्यावारी नेलंत तर आत्या दुखावते. नकार आणि जाण यांची फाळणी करून द्या: 'शर्ट टोचतोय, बरोबर. आत्या पार इचलकरंजीहून बसनं घेऊन आली, ते पण बरोबर.' पोर बहुतेक आत्याच्या मांडीवर जाऊन बसतं, शर्ट तसाच पडून राहतो. स्वतःसाठी यातून घ्यायचं ते हेच: न आवडलेल्या साडीला 'किती सुंदर' म्हणायला लागत नाही. 'रंग लक्षात ठेवून आणलास' एवढं खरं असेल तर तेवढंच म्हणावं.

पाचवा बिघाड सणांचा. आषाढात बेंदूर येतो, कुंभार गल्लीत मातीचे बैल येतात, आणि पोराला 'वर्षभर राबणाऱ्या बैलाबद्दल कृतज्ञता' यावर भाषण ऐकायला मिळतं. ज्यानं बैल राबताना बघितलाच नाही, त्याला ते कसं पोचावं? जवळच्या गावात बैलजोडी असलेलं कुणी ओळखीचं असेल तर सणाच्या दिवशी नको, आदल्या महिन्यात न्या. खांद्यावर जू घासून केस गेलेली जागा असते. पोर ती बरोबर शोधून काढतं आणि हात लावायला जातं. मालकाला विचारून, बैलाच्या पुढून न्या, मागून नको. मग बेंदराला शिंगं रंगवलेली, गोंडे बांधलेले तेच बैल बघू दे. भाषण लागत नाही.

शेवटचा आठवडा

एक जुनं माणूस निवडा, ज्याचं केलेलं तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. बालवाडीच्या बाई, पहिल्या नोकरीतले साहेब, दवाखान्यात रात्रभर बसलेला मित्र. वहीचं एक पान लिहा, त्याच दोन तुकड्यांत: काय केलंत, माझं काय झालं. मग जाऊन समोर बसून वाचा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा प्रयोग तपासला. असं पत्र लिहून स्वतः नेऊन देणाऱ्यांचा आनंद महिनाभर तरी वाढलेला राहिला, पुढं तो ओसरला. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी दाखवलं की 'समोरच्याला अवघडल्यासारखं होईल' ही लिहिणाऱ्याची भीती प्रत्यक्षापेक्षा मोठी असते. तरीही हात थरथरतील. पोराला बरोबर नेलंत तर बरं. ते मध्येच पाणी मागतं आणि दोघांचीही सुटका होते.

आणि ते माणूस आता नसेल तर? बाई वारल्या, साहेब कुठं गेले पत्ता नाही. तेव्हा पोराची तिसरी सवय कामाला येते. त्यालाच सांगा. झोपताना, दिवा बंद करून, बारकाव्यानं: बाई दप्तराचा बंद कसा शिवून द्यायच्या, सुईत दोरा ओवताना चष्मा कसा वर करायच्या. ते विचारेल, 'मग?' मग पुढचं सांगा.